लोखंड घरी ठेवून या

सांगलीत आयर्विन पुलाच्या आसपास, उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की वाळूचे पट्टे उघडे पडतात. बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि त्या वाळूतून ओढत न्या. वर काढाल तेव्हा पिशवीला काळीभोर दाढी फुटलेली असेल. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. महाबळेश्वर, वाई, सातारा, कऱ्हाड अशी डोंगर झिजवत आलेली नदी ते इथवर घेऊन आली. पिशवीतून चुंबक काढून घ्या, दाढी गळून पडते. नदीकाठच्या पोरांना हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही.

हे कण ज्या काळ्या कातळातून सुटले, त्याची एक खोड आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला जो जो या मुलखात आला, त्याला या कातळाने छळलं. आपण त्या लोकांच्या मागे जाणार आहोत. त्यासाठी आधी अंगावरचं लोखंड उतरवा. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, पानाच्या चंचीतला अडकित्ता, शर्टाच्या खिशातली सेफ्टी पिन. सोनं, चांदी, तांबं, पितळ चालेल. काचेच्या बांगड्या खुशाल राहू द्या. गळ्यातला ताईत कशाचा आहे ते मात्र एकदा तपासा.

साल १९०५च्या आसपासचं, थंडीचे दिवस. कृष्णेच्या खोऱ्यात, गावापासून आणि रेल्वेच्या रुळांपासून लांब, काळ्या मातीच्या मोकळ्या शेतात एक तंबू उभा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने १९०१मध्ये कॅप्टन डेनहोम फ्रेझर यांच्या हाताखाली देशाची चुंबकी मोजणी सुरू केली. तीस-चाळीस मैलांवर एक ठाणं, अशी पुढे सुमारे चौदाशे ठाणी झाली. त्या हिशोबाने साताऱ्याहून सांगलीला पोचेपर्यंत दोन-तीन तरी लागतात. त्यांपैकी एका तंबूत तुम्ही वाकून शिरता.

तंबूत लोखंडाची खुंटीसुद्धा नाही. मधोमध तिपाईवर पितळी यंत्र, त्याला उभी गोल तबकडी, तबकडीच्या कडेवर अंशांच्या बारीक रेघा. मध्ये बोटभर लांबीची चपटी पोलादी सुई, तिचा आस दोन गुळगुळीत अकीकांच्या धारेवर टेकलेला. नेहमीच्या होकायंत्राची सुई आडवी फिरते, ही उभी फिरते. निरीक्षक ती अलगद सोडतो. सुई थरथरते, डोलते, शांत होते आणि तिचं उत्तरेकडचं टोक क्षितिजाखाली वीसएक अंश झुकून थांबतं. म्हणजे पृथ्वीचं चुंबकी बळ इथे जमिनीला समांतर नाही, ते तिरकं मातीत शिरतं. चुंबकी ध्रुवावर हीच सुई सरळ खाली बघेल, हिंदुस्थानच्या दक्षिण टोकाजवळ ती आडवी पडेल. सांगलीला ती साताऱ्यापेक्षा जराशी कमी झुकते, कारण सांगली दक्षिणेला.

तुम्हाला वाटतं, झालं. वाचला आकडा, लिहिला. पण निरीक्षकाने नोंदवही तुमच्या हातात दिली आहे आणि तो थांबायला तयार नाही. सुईचं वरचं टोक वाचलं, आता खालचं. मग तबकडी अर्धा फेरा फिरवून पुन्हा दोन्ही टोकं. मग सुई उचलून तिची पाठ पुढे करायची, पुन्हा तेच. मग तो दोन पट्टीचुंबक काढतो, सुई लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवतो आणि तिच्यावरून चुंबक घासून तिची टोकंच उलटी करतो. उत्तर होती ती दक्षिण झाली. आता पहिल्यापासून सगळं पुन्हा! सुईचा आस केसभर तिरका असेल, तिचं एक अंग दुसऱ्यापेक्षा कणभर जड असेल, तबकडी नीट उभी नसेल. प्रत्येक उलटापालटीत यातली एकेक लबाडी बेरजेतून गळून जाते. मला या सगळ्या यंत्रांमध्ये हे सर्वांत प्रामाणिक वाटतं. स्वतःच्या चुका ते गृहीत धरूनच कामाला बसतं.

दुपारी दुसरं यंत्र निघतं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या धाटणीचा मॅग्नेटोमीटर. लाकडी पेटी, काचेची नळी, नळीतून खाली आलेला रेशमाचा न पिळलेला धागा आणि त्याला आडवा टांगलेला पोकळ चुंबक. तो हलकेच डोलायला लावायचा आणि त्याचे झोके मोजायचे. निरीक्षकाचा डोळा दुर्बिणीला आणि कान क्रोनोमीटरच्या टिकटिकीला, शंभर-दीडशे झोके होईपर्यंत तो पापणीही लवू देत नाही. पृथ्वीचं बळ जास्त तर झोके भराभर, कमी तर सावकाश. मात्र चुंबक स्वतः ताकदवान असेल तरी झोके भराभरच होतात. म्हणून तोच चुंबक काढून दुसऱ्या लहान चुंबकापासून ठरलेल्या अंतरावर ठेवायचा आणि तो लहान चुंबक किती वळतो ते पाहायचं. पहिल्या प्रयोगातून दोन बळांचा गुणाकार मिळतो, दुसऱ्यातून भागाकार. उरलेलं काम शाळकरी बीजगणिताचं. ही युक्ती जर्मनीत ग्योटिंगेनच्या गाउसने १८३२मध्ये सांगितली. तिच्यामुळे पृथ्वीचं चुंबकी बळ पहिल्यांदा लांबी, वजन आणि वेळ यांच्या मापात बसलं. तोवर प्रत्येकाची सुई हेच प्रत्येकाचं माप होतं.

तंबू डोंगरावर का ठोकला नाही, हे तुम्ही विचारता. अजिंक्यताऱ्यावरून सगळा मुलूख दिसतो, सूर्याचे वेध घ्यायलाही बरं. निरीक्षक हसतो आणि तुम्हाला साधं होकायंत्र देऊन जवळच्या कातळाच्या टेकाडावर पाठवतो. टेकाडावर चार पावलं चाललात की सुई थोडी डावीकडे सरकते. पुढच्या चार पावलांत उजवीकडे. माथ्यावरच्या एका खडकाशी ती चक्क पाव फेरा घेते. काळ्या कातळात मॅग्नेटाइट आहे, तो स्वतःच एक कमजोर चुंबक आहे. त्यात उघड्या माथ्यांवर हजारो पावसाळे वीज पडत आली आहे. विजेचा प्रवाह खडकातून जातो तेव्हा आसपासचे कण त्या प्रवाहाच्या चुंबकी बळाने नव्याने लावले जातात, जबरदस्त आणि वेडेवाकडे. सह्याद्रीच्या पठारांवर अशा जागा कितीतरी सापडतील. म्हणून तंबू खाली, मातीच्या जाड थरावर. तरी कातळ मातीखाली आहेच, फक्त लांब आहे.

दुसरी एक अडचण आहे. पृथ्वीचं बळ दिवसभर एकसारखं राहत नाही. ऊन चढतं तसं ते थोडं चढतं, संध्याकाळी उतरतं, आणि कधी कधी कसलंही कारण न सांगता उसळतं. तंबूतला आकडा सकाळचा की दुपारचा, शांत दिवसाचा की वादळी, हे सांगायला कुणीतरी एका जागी बसून अहोरात्र वाचत राहायला हवं. असं ठिकाण मुंबईला आहे. कुलाब्याला.

तिथे जाताना साठ वर्षं मागे चला. १८४६ साल. साताऱ्याची गादी अजून आहे, पण थोडेच दिवस. १८४८मध्ये छत्रपती वारले की कंपनी ती खालसा करणार आहे. कुलाब्याचं बेट भरावाच्या रस्त्याने मुंबईला जोडून फार वर्षं झालेली नाहीत. बेटाच्या दक्षिणेकडे कंपनीची वेधशाळा आहे. १८२६ साली बांधून झाली ती ताऱ्यांच्या वेधांसाठी आणि जहाजांना वेळ सांगण्यासाठी. १८४१पासून तिथे चुंबकत्व आणि हवामान यांची वाचनं सुरू झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सगळ्या साम्राज्यभर एकाच वेळी चुंबकी वाचनं घेण्याचा घाट घातला होता. कंपनीच्या वाट्याला मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई आली. बाकीच्यांची चिकाटी लवकर सरली. मुंबई वाचत राहिली.

आत अंधार आहे, खोबरेल तेलाचा वास आहे. डोळे सरावले की लाकडी पेट्या दिसतात. यंत्रं डब्लिनच्या थॉमस ग्रबच्या कारखान्यातली. एका पेटीत जाडजूड पोलादी पट्टी रेशमी धाग्यांवर टांगलेली, ती दिशा सांगते. दुसऱ्या पेटीतली पट्टी दोन समांतर तारांवर टांगून त्या तारांना असा पीळ दिला आहे की पट्टी उत्तर-दक्षिण न राहता पूर्व-पश्चिम ताठ उभी राहावी. तारांचा पीळ तिला एकीकडे ओढतो, पृथ्वी दुसरीकडे. पृथ्वीचा हात जरा सैल पडला की पट्टी पिळाच्या बाजूने सरकते. हे सरकणं केसाएवढं, म्हणून पट्टीला आरसा चिकटवला आहे, आणि काही फुटांवर दुर्बीण व रेघांची पट्टी. आरशात त्या पट्टीचे आकडे दिसतात. आरसा किंचित वळला तरी दुर्बिणीतला आकडा पळतो.

दुर्बिणीशी बसलेला सहायक बाविशीतला आहे. अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. पुढे सगळे त्यांना केरूनाना म्हणणार, पुण्यात टिळक त्यांच्या हाताखाली गणित शिकणार, १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ निघणार. आत्ता ते एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी वेधशाळेत घेतलेले एक सहायक आहेत आणि तुमच्याशी बोलायला त्यांना सवड नाही, कारण वाचनाची वेळ झाली आहे. ऑर्लेबार रजेवर गेले तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आपल्याकडे बाळशास्त्री पत्रकार म्हणून आणि केरूनाना पंचांगवाले म्हणून लक्षात राहिले. दोघांची उठबस या अंधाऱ्या खोलीत होती, हे शाळेच्या पुस्तकात आलं असतं तर बरं झालं असतं.

काही ठरलेल्या दिवशी इथलं घड्याळ मुंबईचं राहत नाही. जगभरच्या वेधशाळा त्या दिवशी ग्योटिंगेनच्या वेळेवर चालतात, म्हणजे मुंबईहून सव्वाचार तास मागे, आणि चोवीस तास दर पाच मिनिटांनी वाचन घेतात. ‘हं’ असा हुंकार येतो, दुर्बिणीतला आकडा, मग तिथला तापमापक, मग टाकाची कुरकुर. पुन्हा शांतता. तासाभरात तुम्हाला जांभई येते. चूक नाही तुमची. या कामात थरार शोधणाऱ्याने इथे येऊ नये.

थरारच हवा असेल तर तेरा वर्षं पुढे या. शुक्रवार, २ सप्टेंबर १८५९. सकाळचे दहा वाजत आलेत. वेधशाळा आता इंडियन नेव्हीच्या लेफ्टनंट फर्ग्युसनच्या ताब्यात आहे. खोली तीच, दुर्बीण तीच. तुम्ही आडव्या बळाच्या यंत्राशी, म्हणजे दोन तारांवरच्या त्या पट्टीशी, डोळा लावता. एरवी इथला आकडा दिवसभरात जेवढा सरकतो त्याला आजच्या मापात पन्नास-शंभर नॅनोटेस्ला म्हणू. आज तो दुर्बिणीत ठरतच नाही. सहायकाने ठरलेल्या तासाची वाट पाहणं सोडून दिलं आहे, तो काही मिनिटांच्या अंतराने वाचतो आहे. आकडा उडी घेतो, मग कोसळायला लागतो. दोनशे, पाचशे, हजार. यंत्र बिघडलं असं म्हणून उठून जायचा मोह इथे कुणालाही झाला असता. सहायक उठत नाही. अकराच्या सुमाराला पृथ्वीचं आडवं बळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेलं आहे, आणि मग तितक्याच घाईने ते वर येतं.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावरच्या डागांचं चित्र काढता काढता त्यांच्यात पांढरा लखलखाट पाहिला होता. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोंढा पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. लंडनच्या वेधशाळांमध्ये तोवर फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं आली होती; वादळ इतकं मोठं होतं की त्यांची रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. कुलाब्याला अजून माणसाचा डोळा आणि टाक होता, म्हणून तिथला आकडा वाचला. २००३मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्या वह्यांवरून हे वादळ पुन्हा उभं केलं. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सर्वांत वाईट काय होऊ शकतं याचा अंदाज बांधणारे लोक मुंबईच्या त्या सकाळीपाशी हटकून येतात. ती वाचणाऱ्या सहायकाचं नाव मी तुम्हाला सांगितलं असतं, पण मोठ्या माणसांच्या यादीत तसली नावं नसतात.

कुलाब्याला फोटोची यंत्रं १८७०च्या दशकात आली, चार्ल्स चेंबर्सच्या कारकिर्दीत. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईने घोड्याची ट्राम सोडून विजेची ट्राम आणायचं ठरवलं. रुळांतून जाणारा विजेचा प्रवाह म्हणजे या सुयांच्या कानाशी ढोल. १८९६पासून वेधशाळेचे संचालक असलेले नानाभाई मूस, त्या खुर्चीवरचे पहिले हिंदी, यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. कुलाब्याहून फार लांब नाही, समुद्राकाठी, आणि ट्राम तिथे येण्याचा धोका नाही!

अलिबागला थोडं थांबा, कारण इथे आपला कातळ पुन्हा आडवा येतो. कोकणात आणि देशावर घर म्हटलं की काळा दगड किंवा जांभा. दोन्हींत लोखंड. मूस यांनी दोन्ही नाकारून पोरबंदरचा पिवळसर दगड जहाजाने आणवला. बिजागऱ्या, कड्या, खिळे तांब्या-पितळेचे. आतल्या खोलीभोवती दुसरी खोली, म्हणजे ऊन-पावसाने आतलं तापमान हलू नये. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं झाली, दोन्हींतला फरक पक्का कळला आणि मगच कुलाब्याचे चुंबक थांबले. विजेची ट्राम १९०७मध्ये धावली. गाडी येण्यापूर्वी यंत्रं हलवून, शिवाय जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवून देणारं सरकारी खातं, असा योग आपल्याकडे वारंवार येत नाही. मूस यांनी १८४६ ते १९०५ची कुलाब्याची सगळी वाचनं १९१०मध्ये दोन जाड खंडांत छापली. केरूनानांच्या नागावपासून थोड्याच अंतरावर ती सुई अजून चालू आहे. आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली.

कातळ नाकारण्याचा इतिहास इथपर्यंत. आता एक वेगळाच माणूस भेटतो, ज्याला कातळच हवा आहे. पण तो कातळासाठी निघालेला नव्हता.

१९५२च्या आधीचा एखादा दिवस. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकच्या माळावर लाकडी खोपटं, त्यातही लोखंडाचा खिळा नाही. आत पॅट्रिक ब्लॅकेट, १९४८चे नोबेल मानकरी. त्यांना शंका आहे की कोणतीही जड वस्तू नुसती फिरली तरी तिच्यात चुंबकत्व येत असेल, आणि पृथ्वीचं चुंबकत्व तिच्या फिरण्यातूनच येत असेल. पडताळायला जड वस्तू हवी, लोखंडाचा लवलेश नसलेली. म्हणून त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून जास्त शुद्ध सोनं उसनं आणलं आहे. सातारच्या सराफाने ऐकलं तर त्याला घाम फुटेल. सोन्याचा तो ठोकळा स्थिर ठेवलेला आहे. पृथ्वीबरोबर फिरतो तेवढं त्याचं फिरणं पुरे. शेजारी जे यंत्र आहे ते पाहा. बारीक काडीवर दोन लहान चुंबक, एक वर, एक खाली, तोंडं विरुद्ध दिशांना. पृथ्वी एकाला इकडे ओढते, दुसऱ्याला तेवढ्याच जोराने तिकडे, त्यामुळे पृथ्वीचं बळ या जोडीला जाणवतच नाही. खालच्या चुंबकाजवळ काही ठेवलं तर तेवढंच जाणवतं. काडी क्वार्ट्झच्या तंतूवर टांगलेली, काडीवर आरसा, आरशावर उजेडाचा किरण.

सोन्यातून काही निघालं नाही. ब्लॅकेट यांनी ते तसंच, नकारार्थी निकाल म्हणून, १९५२मध्ये छापलं. सोनं परत गेलं. यंत्र उरलं. इतकं हळवं यंत्र कशावर चालवायचं? दगडावर. तापलेला लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या बळाच्या दिशेने लागतं आणि तसंच गोठतं. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की. दख्खनच्या दगडात त्याच्याबरोबर टायटॅनियम असतं, त्यामुळे पुष्कळदा आणखी खाली. म्हणजे सर्व्हेवाल्यांच्या सुया जिच्यापायी भरकटत होत्या, ती भानगड हीच मुळात नोंद होती.

केंब्रिजमधला विद्यार्थी टेड अर्विंग याने दख्खनचे दिशा आखलेले दगड मिळवून मोजले आणि म्हटलं की हिंदुस्थान पूर्वी विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. १९५४मध्ये त्याचा प्रबंध नापास झाला. खंड सरकतात असं म्हणण्याचे ते दिवस नव्हते. दोन वर्षांनी क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या कातळावर तोच निष्कर्ष छापला, आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी काम पुढे नेलं. ब्लॅकेट यांचं नेहरूंकडे आणि भाभांकडे जाणं-येणं होतं, त्याचाही यात वाटा आहे.

दगड आणायचा म्हणजे नुसता फोडून पिशवीत टाकायचा नाही. तो डोंगरात असतानाच त्याच्यावर उत्तर कुठे आणि क्षितिज कुठे हे आखून घ्यावं लागतं. उत्तर होकायंत्राने पाहायची सोय नाही, हे तुम्ही टेकाडावर शिकलात. मग सूर्यहोकायंत्र: तबकडी, तिच्यावर उभी काडी, काडीची सावली आणि घड्याळ. पावसाळ्यात काम बंद. पुढे हिऱ्याच्या दातांची पोकळ ड्रिल आली, कातळातून खडूएवढी नळकांडी निघू लागली. आंबेनळी घाटात किंवा पसरणीच्या वळणांवर कापलेल्या कातळात इंचभर रुंद, अगदी गोल भोकं दिसली तर ती सुरुंगाची समजू नका.

त्या दगडांनी जे सांगितलं ते एकदा जाऊन बघायला हवं. यंत्र तंबूतलंच घ्या, ती उभी तबकडी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे.

सातारा नाही, कृष्णा नाही, सह्याद्रीचा कडा नाही. चहूकडे काळं सपाट मैदान, कुठे धुमसतं, कुठे थंड. पायाखालच्या थराच्या खाली थर आणि त्याखाली थर, आणि थरांमध्ये लाल मातीचे पट्टे. तेच पुढे घाटात गेरूच्या रेघांसारखे दिसतील. लाल पट्टा म्हणजे लाव्हा थांबला होता, पाऊस पडला होता, माती झाली होती. वाफेला गंधकाचा ठसका आहे. सावली पाहा. भर दुपारी ती दक्षिणेकडे पडते आहे, कारण सूर्य उत्तरेकडून चालला आहे. तुम्ही विषुववृत्ताच्या सुमारे तीस अंश दक्षिणेला आहात, आजच्या साताऱ्यापासून पाच हजार किलोमीटर खाली. नव्या लाव्हापासून दूर, जुन्या थंड थरावर, मातीचा जाड पट्टा बघून तिपाई रोवा.

सुई सोडा. ती डोलते, आणि ज्याच्यावर उत्तरेची खूण आहे ते टोक दक्षिणेकडे वळतं. शिवाय खाली झुकतं, पंचेचाळीस-पन्नास अंश. तबकडी फिरवा, सुई पालटा, टोकं उलटी करा. निरीक्षकाने शिकवलं तसं सगळं करा. उत्तर बदलत नाही. पृथ्वीचे चुंबकी ध्रुव या काळात उलटे आहेत, आणि सहा-सात लाख वर्षं तसेच राहणार आहेत. याच काळात कधीतरी, डायनोसॉर ज्याच्यामुळे संपले असं म्हणतात, तो अशनी मेक्सिकोत पडणार आहे. शेजारचा थर निवतो आहे आणि त्यातला प्रत्येक कण तुमच्या सुईबरोबर दक्षिणेला मान टाकतो आहे. आज घाटातून तोच दगड काढाल तर त्याची मान नेमकी दक्षिणेला नाही, पंचवीसएक अंश पूर्वेकडे वळलेली मिळेल. दगड वळला नाही. त्याला पोटात घेऊन सगळा भारतखंड उत्तरेकडे जाताना घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरला.

वर चढा. म्हणजे थांबून राहा, कारण इथे वर चढणं म्हणजे काळ जाऊ देणं. पोलादपूरचे थर, त्यावर आंबेनळीचे, त्यावर महाबळेश्वरचे. भूशास्त्रज्ञांनी थरगटांना हीच नावं दिली आहेत. दर काही हजार वर्षांनी सुई सोडून बघत राहा. दक्षिण, दक्षिण, दक्षिण. महाबळेश्वरच्या थरांत पोचल्यावर एकदा सुई गोंधळते, कुठेच धड थांबत नाही, तिचा जोरही कमी झालेला आहे. पुढच्या थराला ती वळते. उत्तरेची खूण उत्तरेला.

पण टोक खाली नाही, आभाळाकडे आहे, पहिल्याइतक्याच अंशांनी. तंबूतल्या वहीत तुम्ही लिहिलेला झुकाव मिळायला हे टोक आधी आडवं व्हावं लागेल आणि मग खाली यावं लागेल. त्यासाठी भारताला विषुववृत्त ओलांडायचं आहे, आणि तो वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने निघालेला आहे.